वेडा राघू वेडा नाही

सांगलीहून मिरजेकडे किंवा साताऱ्याहून कोरेगावकडे जाताना एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहा. विजेच्या तारेवर एक छोटा हिरवा पक्षी बसलेला दिसेल. अंगाने तो चिमणीएवढा असतो. पण चोच लांब, बारीक आणि किंचित वाकलेली असते. शेपटीच्या मधोमध दोन पिसे सुईसारखी बाहेर आलेली असतात. तो एकदम तारेवरून झेप घेतो, हवेत गिरकी मारतो, उडता किडा चोचीत पकडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. क्षणभर थांबतो आणि परत उडतो. तासन्‌तास त्याचे हेच चाललेले असते.

या पक्ष्याला मराठीत ‘वेडा राघू’ म्हणतात. उर्दू आणि हिंदी बोलणारे लोक त्याला पतरिंगा म्हणतात. राघू म्हणजे पोपट. रंग पोपटासारखा म्हणून राघू, हे समजले. पण वेडा का? तो एका जागी स्वस्थ बसत नाही, सारखी ये-जा करतो, हे पाहून कोणीतरी त्याला वेडा म्हटले असावे. नाव रूढ झाले. तो खरोखरच वेडा आहे का, हे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

पुण्यातल्या एका शिक्षकाला ती गरज वाटली. डॉ. मिलिंद वाटवे हे पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असत. त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी वेड्या राघूची वागणूक बारकाईने पाहिली. हा पक्षी मातीच्या उभ्या कडेत बीळ खणून त्यात अंडी घालतो. शत्रू जवळ असेल तर तो बिळात शिरत नाही. कारण शिरला तर शत्रूला घरटे कोठे आहे ते कळेल. चोचीत किडा धरून तो बाहेरच वाट पाहत बसतो. इथपर्यंत कोणालाही दिसेल. पण या मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला. शत्रू नुसता जवळ आहे, एवढेच पक्ष्याला कळते; की शत्रूला काय दिसते आहे, हेही कळते?

त्यांनी एक साधी युक्ती केली. शत्रूच्या जागी एक माणूस उभा केला. एकदा तो अशा जागी उभा राहिला, की तिथून घरटे दिसत होते. दुसऱ्यांदा तो साधारण तेवढ्याच अंतरावर, पण घरटे दिसणार नाही अशा जागी उभा राहिला. माणसाला घरटे दिसत नव्हते तेव्हा पक्षी अधिक वेळा आत शिरले. मग दुसरा प्रयोग झाला. माणूस कधी घरट्याकडे पाहत राहिला, कधी दुसरीकडे. तो दुसरीकडे पाहत असताना पक्षी अधिक वेळा आत गेले. हे निष्कर्ष १९९९ आणि २००२ या वर्षी विज्ञानाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या अभ्यासकांनी ते वाचले.

याचा अर्थ पक्ष्याला दुसऱ्याचे मन वाचता येते, असा लगेच करायचा नाही. त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत आणि ते असलेच पाहिजेत. पण एक गोष्ट नक्की झाली. ज्याला आपण वेडा म्हणत आलो, तो पक्षी समोरचा कोठे उभा आहे आणि कोणीकडे पाहतो आहे, याचा विचार करून वागतो. मग वेडा कोण? न पाहता नाव ठेवणारे आपण, की तो?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या प्रयोगाला किती साहित्य लागले ते पाहा. एक पक्षी, एक माणूस, एक वही आणि पुष्कळ सबुरी. म्हणूनच माझे स्पष्ट मत असे आहे, की आपल्या शाळांतून विज्ञान शिकवण्याची सुरुवात शाळेच्या फाटकाबाहेर, गल्लीत, मैदानात आणि बाजारात झाली पाहिजे. पुस्तक नंतर उघडावे. आधी डोळे उघडावेत.

नावावर विश्वास ठेवून आपण फसतो, याचे वेडा राघू हे एकच उदाहरण नाही. ‘सुगरण’ हा पक्षी घ्या. उर्दूत त्याला बया म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला त्याची लोंबती घरटी दिसतात. मराठीत सुगरण म्हणजे स्वयंपाकात आणि घरकामात कुशल असलेली बाई. त्यामुळे इतके सुंदर घरटे मादीच विणत असेल, असे नाव ऐकताच वाटते. प्रत्यक्षात ते नर विणतो.

हे काम नीट पाहून लिहिणारे अभ्यासक म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत एका मुस्लिम कुटुंबात झाला. आईवडील लहानपणीच वारले आणि मामांनी त्यांना वाढवले. मुलगा असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्यांना हाकलून दिले नाही, उलट पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. एका प्रश्नाने त्या मुलाचे आयुष्य बदलले.

पुढे सलीम अली जर्मनीत शिकून आले, पण त्यांच्याकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती आणि संग्रहालयातली नोकरीही राहिली नव्हती. खर्च कमी व्हावा म्हणून ते अलिबागजवळ किहीम गावी राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडांवर सुगरणींची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात त्यांनी शिडीवर आडोसा करून त्यामागे बसून महिनोन्‌महिने ती घरटी पाहिली. काय दिसले? नर घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, घरटे आतून-बाहेरून तपासतात. एखादीला ते पसंत पडले, तर ती तिथे राहते आणि नर घरटे पूर्ण करतो. मादी अंडी उबवू लागली, की तो दुसरे घरटे विणायला घेतो. पसंत न पडलेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. लोक ती घरटी पिढ्यान्‌पिढ्या पाहत होते. पण ती अर्धवट का, हा प्रश्न सलीम अलींनी विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. नोकरी नसण्याचा तो काळ त्यांच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या संशोधनाचा काळ ठरला.

तिसरे उदाहरण कोकिळेचे. मराठी कवितेत कोकिळा गाते आणि उर्दू शायरीत कोयल कूकते. दोन्ही भाषांत गाणारी ती ‘ती’ आहे. पण आंब्यावर बसून ‘कुहू कुहू’ करणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा पक्षी नर असतो. मादी तपकिरी रंगाची असते, तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि ती असे गात नाही. ती कावळ्याच्या घरट्यात अंडे कसे घालता येईल, या विचारात असते. कवींनी चूक केली असे मी म्हणत नाही. कवितेचे सत्य वेगळे असते. मात्र विज्ञानाच्या तासाला आपण कवितेवर विसंबून राहू शकत नाही.

तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात ‘मुशाहिदा’ हा शब्द येतो. मराठीत त्यालाच निरीक्षण म्हणतात. ‘तजुर्बा’ म्हणजे प्रयोग, ‘मफरूजा’ म्हणजे गृहीतक आणि ‘नतीजा’ म्हणजे निष्कर्ष. हे चार शब्द परीक्षेसाठी पाठ करायला दहा मिनिटे पुरतात. पण त्यांचा अर्थ हाताला आणि डोळ्यांना कळायला एक कावळासुद्धा महिनाभर पुरतो. कसा ते सांगतो.

समजा, सांगलीतल्या एखाद्या शाळेत दुपारी मुलांना खिचडी मिळते. जेवणाच्या वेळी भिंतीवर कावळे येऊन बसतात. हे सगळ्यांना माहीत आहे. आता प्रश्न विचारा. कावळे घंटा ऐकून येतात का? की त्यांना वेळ कळते? की मुले ताटे घेऊन बाहेर पडलेली पाहून ते येतात? हे तीन मफरूजे झाले. कोणता खरा, हे वर्गात हात वर करून ठरत नाही. त्यासाठी दोन आठवडे रोज जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास दर पाच मिनिटांनी कावळे मोजावे लागतील. वहीत ताळ्याच्या खुणा करा: चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सुट्टीच्या दिवशीही मोजा. शाळा लवकर सुटते त्या दिवशीही मोजा. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली, तर एके दिवशी घंटा नेहमीच्या वेळी वाजवा, पण जेवण अर्ध्या तासाने द्या. मग बघा कावळे काय करतात.

उत्तर मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या शाळेच्या कावळ्यांनी सांगायचे आहे. दोन शाळांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. तसे झाले तर घाबरू नका. का वेगळी आली, हा पुढचा प्रश्न समजा. विज्ञान असेच पुढे जाते.

या मतावर काही शिक्षक आणि पालक आक्षेप घेतील. त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की प्राणी पाहायचे तर जंगलात गेले पाहिजे. शहरात काय आहे? आपल्या भागात जंगलेही आहेत. चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, सागरेश्वरचे अभयारण्य आहे, साताऱ्याजवळ कासचे पठार आहे. तिथे सहल जरूर न्यावी. पण वर्षातून एक दिवस वाघ किंवा हरीण शोधत फिरणे आणि रोज एकच मुंगीची रांग पाहणे, यात शिकायला दुसऱ्यातच जास्त मिळते. कारण वागणूक एकदा पाहून कळत नाही. ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते. व्हरांड्यात गुळाचा खडा ठेवा. पहिली मुंगी किती मिनिटांनी आली, दहा मिनिटांनी किती झाल्या, रांग कशी तयार झाली, ते लिहा. मग रांगेच्या मध्ये ओल्या फडक्याने एक पट्टी पुसून घ्या. मुंग्या तिथे येऊन गोंधळतात का? किती वेळाने रस्ता पुन्हा जुळतो? मुंग्या वासाच्या मागावर चालतात, हे वाक्य मग तुम्हाला पाठ करावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप उपकरणांचा. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नीट नाही, आम्ही काय करणार? निको टिनबर्जेन या डच शास्त्रज्ञाचे उदाहरण या ठिकाणी देण्यासारखे आहे. वाळूत बीळ करणारी एक माशी बाहेरून परत येते, तेव्हा तिला आपले बीळ कसे सापडते, हा त्याचा प्रश्न होता. ती आत असताना त्याने बिळाभोवती झाडाची वाळलेली फळे गोल मांडली. ती उडून गेल्यावर ते कडे उचलून थोडे बाजूला मांडले. माशी परत आली ती त्या कड्याच्या मध्यभागी, जिथे बीळ नव्हते! म्हणजे ती आजूबाजूच्या खुणा लक्षात ठेवते. हा प्रयोग १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी टिनबर्जेन, कोन्राड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश या तिघांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वाळलेल्या फळांसाठी त्याला एक पैसाही लागला नव्हता.

यांतल्या फॉन फ्रिशचे काम तर आपल्या साताऱ्याच्या फार जवळचे आहे. मधमाशी फुलांचा ठिकाणा सापडल्यावर पोळ्यात येऊन एक नाच करते. त्या नाचाची दिशा आणि वेळ यांवरून बाकीच्या माश्यांना फुले कोणत्या बाजूला आणि किती दूर आहेत ते कळते, हे त्याने शोधून काढले. महाबळेश्वरच्या डोंगरात मधमाश्या पाळण्याची जुनी परंपरा आहे. तिथले मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. सातारा जिल्ह्यातल्या मुलांनी मांघरच्या मधपाळांना भेटावे आणि त्यांना काय काय माहीत आहे ते विचारावे. पोळ्यासमोर रोज बसणाऱ्या माणसाकडे असे ज्ञान असते, जे पुस्तकात यायला अजून अवकाश असतो. शहरातल्या मुलांना एवढे लांब जायचीही गरज नाही. उसाच्या रसाच्या गाड्यावर माश्या सकाळी जास्त येतात की दुपारी, हे चार हात लांब उभे राहून मोजता येते.

तिसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा आणि परीक्षेचा. शिक्षक म्हणतात, वेळ कोठे आहे? ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण कावळे मोजणाऱ्या वर्गाला सरासरी शिकवावी लागत नाही, ती काढावी लागते. आलेख काढण्यासाठी पुस्तकातले खोटे आकडे घ्यावे लागत नाहीत, स्वतःचे असतात. निबंधाचा विषयही शोधावा लागत नाही. विज्ञान, गणित आणि भाषा या तिन्ही तासांचे काम एका वहीत होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथली मुले हातांनी काम करत आणि शिकत. श्रम आणि शिक्षण वेगळे नाहीत, हे ज्या मातीत सांगितले गेले, तिथे पाहणे आणि शिकणे वेगळे का असावे?

चौथा आक्षेप मुलींबद्दल असतो. मुलींना गावभर फिरायला कसे पाठवायचे, असे घरचे विचारतात. मुलींनाही मैदानात आणि रस्त्यावर जाण्याचा तेवढाच हक्क आहे, असे मला वाटते. शाळेने बाईंच्या सोबतीने गट करून न्यावे म्हणजे काळजीचे कारण उरणार नाही. पण ही परवानगी मिळेपर्यंत थांबायचे कारण नाही. घराच्या खिडकीतूनही संशोधन होते. वळचणीला चिमणीचे घरटे असेल, तर नर आणि मादी तासाभरात किती वेळा पिल्लांना भरवतात? दोघे सारखे काम करतात का? पिल्ले मोठी झाली तशा फेऱ्या वाढतात का? घरातल्या घरात बसून एखादी मुलगी असे काही शोधू शकेल, जे तिच्या गल्लीत आजवर कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता एक गोष्ट तुमच्याविषयी, म्हणजे उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलामुलींविषयी. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी का, असा प्रश्न आला, की तुमच्यापैकी पुष्कळजण मागे सरतात. तिथे सगळे इंग्रजीत असते, आपल्याला जमणार नाही, असे म्हणतात. हुशार मुलेही केवळ या भीतीने वाट बदलतात. भाषेची अडचण खरी आहे; त्यासाठी मेहनत करावी लागेल. पण भाषा म्हणजे विज्ञान नव्हे. वेडा राघू कोणत्याही माध्यमात शिकलेला नाही. तो काय करतो ते पाहणाऱ्याने उर्दूत लिहिले, तरी ते तितकेच खरे असते. तुमची वही उजवीकडून डावीकडे भरेल, तक्ताही तसाच निघेल. त्यातले आकडे मात्र कोणालाही तपासता येतील. ज्या मुलाने स्वतः प्रश्न विचारून, मोजून, उत्तर काढले आहे, त्याला पुढे इंग्रजी शब्द नुसते शिकावे लागतात. विज्ञान त्याच्याकडे आधीच असते. ज्याने नुसते शब्द पाठ केले, त्याच्याकडे कोणत्याच भाषेत काही नसते.

निरीक्षणाची सवय परीक्षेपुरती नाही, ती जगण्यात लागते. रस्त्यावरच्या कुत्र्यांकडेच पाहा. दिसले कुत्रे, की मार दगड, असे कितीतरी मुले करतात. कोलकात्याजवळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एका भांड्याकडे बोट दाखवले. या कुत्र्यांना कोणी काही शिकवलेले नव्हते. तरीही जी कुत्री जवळ आली, त्यांपैकी बहुतेक बोट दाखवलेल्या भांड्याकडेच गेली. पण सुमारे निम्मी कुत्री जवळ आलीच नाहीत. माणसाची त्यांना भीती वाटत होती. हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या प्राण्याला आपले बोट समजते, त्याला आपला दगडही समजत असणार. अनोळखी कुत्र्याला हात लावू नये हे खरेच. पण त्याला दगड मारून आपण त्याला काय शिकवतो, याचा विचार करावा.

दुसरे उदाहरण अफवांचे. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. आजही त्या भागात लहान धक्के बसतात. कोठेही मोठा भूकंप झाला, की आदल्या रात्री कुत्री फार भुंकत होती, त्यांना आधीच कळले होते, असे लोक सांगतात. सांगणारे खोटे बोलतात असे नाही. पण त्याआधीच्या शंभर रात्री कुत्री किती भुंकली, हे कोणी लिहिले होते का? भुंकली आणि भूकंप झाला नाही, अशा रात्री किती? हे माहीत नसेल, तर त्या एका रात्रीवरून काहीच सिद्ध होत नाही. जो विद्यार्थी एकदा कावळे मोजून बसला आहे, त्याला हा प्रश्न आपोआप सुचतो. मग तो प्रश्न तो कुत्र्यांपुरता ठेवत नाही. माणसांविषयी, शेजाऱ्यांविषयी, दुसऱ्या मोहल्ल्याविषयी कानावर आलेल्या गोष्टीही तो तपासून घेतो. ‘ते लोक असेच असतात’ असे कोणी म्हणाले, तर तो विचारतो: तुम्ही किती जणांना पाहिले? आपल्या गावांना आज अशा प्रश्नांची फार गरज आहे.

बाहेर पडताना काही नियम पाळावेत. घरट्याला किंवा अंड्यांना हात लावू नये. पिल्ले उचलू नयेत. मोहोळाला किंवा सापाला डिवचू नये. कृष्णेच्या पात्रात सांगली परिसरात मगरी आहेत, म्हणून पाण्याच्या कडेला उतरू नये. आयर्विन पुलावरून नदी आणि नदीवरचे पक्षी छान दिसतात. एकट्याने जाऊ नये, दोघातिघांनी जावे. दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि मग आकडे ताडून पाहावेत. आकडे जुळले नाहीत, तर कोणाचे खरे यावर भांडू नये; पुन्हा मोजावे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की जे दिसले तेच लिहावे. जे दिसायला हवे होते, ते लिहू नये. वहीत खाडाखोड चालेल, खोटे चालणार नाही.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की आठवड्यातला एक तास वर्गाबाहेर घ्या. मुलांनी प्रश्न विचारला आणि उत्तर माहीत नसले, तर ‘मला माहीत नाही, चला पाहू’ असे म्हणायला संकोच करू नका. मिलार्डसाहेबांनी एका मुलाला कपाटे उघडून दाखवली, म्हणून सलीम अली घडले. आपल्या शाळेत अशी कपाटे नसतील. पण फाटक तर आपल्यालाही उघडता येते.

आणि मित्रमैत्रिणींनो, उद्या शाळेत येताना तारेवर तो हिरवा पक्षी दिसला, तर पाच मिनिटे थांबा. तो किती वेळा उडाला, किती वेळा किडा घेऊन परत आला आणि किती वेळा रिकामा आला, ते मोजा. वहीत आजची तारीख घाला आणि आकडा लिहा. मग त्याला वेडा म्हणायचे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.